आरएनए व्हायरस: आयत्या बिळावरचा नागोबा स्वतःचं यंत्र का आणतो?

कोपऱ्यातला वाचक

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचत बसतो, पण परवा भाचीने असा प्रश्न टाकला की दोन दिवस डोकं भणभणतंय.

तिच्या पुस्तकात लिहिलंय, 'व्हायरस यजमान पेशीची यंत्रणा वापरून स्वतःच्या प्रती काढतो.' आपण सगळ्यांनीच घोकलेलं वाक्य. पुढच्याच पानावर मात्र आरएनए व्हायरसला 'स्वतःचा पॉलिमरेज' (नकला काढणारं एन्झाइम) असतो असं आहे. तिचं म्हणणं, पेशीत सगळं आयतं मिळतंय तर स्वतःचं कशाला हवं? आणि त्याहून अवघड प्रश्न: हा पॉलिमरेज बनवायचा तर आधी आएनए वाचला गेला पाहिजे, आणि वाचण्याजोगा आरएनए हवा तर काही वेळा आधी पॉलिमरेज हवा. मग सुरुवात कोण करतं?

मी 'कोंबडी आधी की अंडं' म्हणून वेळ मारून नेली. ती म्हणाली, "मामा, माहीत नसेल तर माहीत नाही म्हण ना." म्हणून इथे आलो. नुसतं 'हायजॅक करतो' वगैरे सांगू नका, ते मीच सांगून बसलोय.

शंकासुर

'आएनए'? पहिल्याच पोस्टमध्ये म्युटेशन. धागा चालणार.

कोपऱ्यातला वाचक

प्रतिसाद आला की पोस्ट संपादित करता येत नाही इथे. आता ते तसंच राहणार :(

प्रयोगवेडी

भाचीला शाब्बासकी द्या. प्रश्न नेमक्या जागी लागलाय.

आपल्या पेशीत नकला काढायची मोठी कामं दोन: डीएनएवरून डीएनए (पेशी दुभंगताना) आणि डीएनएवरून आरएनए (रोजचं कामकाज). तो आरएनए रायबोसोम वाचतो आणि प्रथिन बनवतो. आरएनएवरून थेट आरएनए उतरवायची वेळ पेशीवर येतच नाही, कारण मूळ प्रत केंद्रकात डीएनएच्या रूपात जपून ठेवलेली असते. म्हणजे पेशीत वाचणारे लाखो रायबोसोम आहेत, पण आरएनएची नक्कल करणारा कोणी नाही.

व्हायरसची अडचण इथेच. रायबोसोम फुकट, कच्चा माल (न्यूक्लिओटाइड म्हणजे आरएनएची अक्षरं, आणि प्रथिनांसाठी अमिनो आम्लं) फुकट, ऊर्जा फुकट. फक्त हे एक यंत्र बाजारात मिळत नाही, ते घरून आणायचं. आणायचे प्रकार दोन. एक, यंत्राचा आराखडा आणायचा आणि इथल्या कारागिरांकडून घडवून घ्यायचं. दोन, घडवलेलं यंत्रच पिशवीत घालून आणायचं.

पोलिओ पहिल्या प्रकारातला. त्याचा सुमारे ७,५०० न्यूक्लिओटाइडचा आरएनए रायबोसोमला सरळ वाचता येतो. आत शिरला की आधी वाचन, त्यातून एकच लांबलचक प्रथिनाची माळ. तिच्यात बसलेल्या कात्र्या तीच माळ कापतात, आणि तुकड्यांतला एक निघतो पॉलिमरेज. मग नकला सुरू. इथे कोंबडी-अंड्याचा घोळच नाही.

रेबीज दुसऱ्या प्रकारातला. त्याचा आरएनए उलटा, पूरक. रायबोसोमच्या दृष्टीने निव्वळ अक्षरांचा गाळ. म्हणून रेबीजच्या प्रत्येक कणात तयार पॉलिमरेज भरलेला असतो. तोच आत आल्यावर सुलट प्रत काढतो आणि मग रायबोसोमचं काम सुरू होतं.

कोपऱ्यातला वाचक

वा! म्हणजे दुसऱ्या प्रकारात कोंबडी अंड्यासकट प्रवास करते.

पण मग त्या कणातला पॉलिमरेज आला कुठून?

प्रयोगवेडी

मागच्या पेशीतून. तिथे बनलेला पॉलिमरेज बाहेर पडताना नव्या कणात भरला गेला. शिदोरीच ती. शिदोरी विसरलेला कण पेशीत शिरला तरी काही करू शकत नाही. हे तपासूनही पाहता येतं: पोलिओचा नुसता, धुऊन स्वच्छ केलेला आरएनए पेशीत सोडला तरी पूर्ण व्हायरस तयार होतात. रेबीजचा नुसता आरएनए सोडला तर काहीच होत नाही.

अर्धवटराव

पहिल्याला धन धागा म्हणतात, दुसऱ्याला ऋण धागा. म्हणजे रेबीज, गोवर, फ्लू ही सगळी ऋण काढून सण करणारी मंडळी.

हा आपला धागा कुठला? वाचता तर येतोय, म्हणजे धन समजू.

शंकासुर

मला अर्धाच वाचता येतोय. माझ्यासाठी पूरक धागा काढा.

जुना बाक

थोडा इतिहास घालतो, कारण हे सगळं कळलं त्याची गोष्ट एका औषधाभोवती फिरते.

तंबाखूच्या मोझॅक व्हायरसचा नुसता आरएनए रोग घडवतो हे १९५६ साली दिसलं होतं. म्हणजे आरएनए हीच जनुकसामग्री असू शकते. पण त्याची नक्कल होते कशी? पेशी तिच्या डीएनएवरून कुठेतरी तो आरएनए बनवते, की थेट आरएनएवरून आरएनए बनतो? १९६० च्या दशकात लोकांनी ॲक्टिनोमायसिन डी वापरलं. हे रसायन डीएनएला चिकटून बसतं, त्यामुळे डीएनएवरून आरएनए काढणं बंद पडतं. पेशीचा आरएनए थांबला, तरी पोलिओच्या कुळातल्या व्हायरसचा आरएनए बनतच राहिला. म्हणजे तिथे डीएनएचा संबंधच नव्हता.

गंमत पुढे आहे. तेच औषध कोंबड्यांतल्या एका कर्करोगी आरएनए व्हायरसवर टाकलं तर तो थांबला! हॉवर्ड टेमिन म्हणाला, याचा अर्थ हा व्हायरस मधे डीएनएचं रूप घेत असणार. लोकांनी कित्येक वर्षं ते मनावर घेतलं नाही. १९७० मध्ये टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर या दोघांनी वेगवेगळं काम करून कणातच आरएनएवरून डीएनए करणारं एन्झाइम दाखवलं. १९७५ चं नोबेल. याच बाल्टिमोरने सहकाऱ्यांबरोबर त्याच १९७० साली रेबीजच्या नातलगाच्या (व्हीएसव्ही) कणातला पॉलिमरेजही शोधला होता, म्हणजे वर प्रयोगवेडींनी सांगितलेली शिदोरी.

आणि तिसरा चक्रावणारा गडी फ्लू. त्याला डीएनएची गरज नाही, डीएनएचं रूप तो घेत नाही, तरीही ॲक्टिनोमायसिनने तो अडतो. का, ते कोणी सांगेल का? मी मुद्दाम सोडतोय.

टिंबटिंब

काका परीक्षा घेतायत. वाचनखूण साठवली.

सूक्ष्मदर्शी

आरएनए व्हायरस केंद्रकात कधीच जात नाहीत, सगळं काम बाहेर पेशीद्रवात उरकतात. त्यामुळे फ्लूचं निरीक्षण चुकीचं असावं.

रायबोसोमवाली

सूक्ष्मदर्शी, 'कधीच' हा शब्द जीवशास्त्रात महागात पडतो. बहुतेकांचं बाहेर चालतं हे खरं, पण फ्लूचे आठही तुकडे केंद्रकात जातात आणि तिथेच त्यांच्या नकला होतात. का जातात, त्यातच बाकसाहेबांच्या कोड्याचं उत्तर आहे.

पेशीच्या प्रत्येक एम-आरएनएच्या (रायबोसोमने वाचायच्या आरएनएच्या) पुढच्या टोकावर एक रासायनिक टोपी असते. टोपी दिसली की रायबोसोमची माणसं ओळखतात, हा आपला, याला वाचायला घ्या. टोपी बनवायची तर स्वतःची एन्झाइमं हवीत. फ्लूकडे ती नाहीत. मग त्याचा पॉलिमरेज काय करतो? त्याचे तीन भाग. एक भाग पेशीच्या ताज्या आरएनएची टोपी पकडतो, दुसरा टोपीपासून १० ते १३ न्यूक्लिओटाइडवर कात्री चालवतो, आणि तिसरा त्या तोडलेल्या तुकड्यालाच पुढे आपला आरएनए जोडत जातो. टोपी पेशीची, खालचं अंग फ्लूचं.

आता बघा: ताज्या टोप्या मिळणार कुठे? जिथे पेशी डीएनएवरून नवा आरएनए काढतेय तिथे, केंद्रकात. ॲक्टिनोमायसिनने ते काम थांबवलं की टोप्यांचा पुरवठाच संपला. व्हायरसला डीएनए नको होता, डीएनएच्या दुकानातला माल हवा होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हे उलगडलं.

अर्धवटराव

उंदराच्या टोपीची गोष्ट आठवली. फक्त इथे उंदीर टोपी शिवून घेत नाही, सरळ राजाचीच पळवतो आणि वर ढोल वाजवतो.

शंकासुर

आणि पेशीला टोपी घालतो.

रायबोसोमवाली

दोघांनाही दंडवत :)

त्या कात्रीवर बेतलेलं औषधही आहे, बॅलोक्साविर. कात्रीच बंद. जपानमध्ये २०१८ ला मान्यता मिळाली. आपल्या पेशींना अशी कात्री वापरायची गरज नसते, म्हणून हे लक्ष्य बरं.

कोपऱ्यातला वाचक

ताई, मग पोलिओ टोपीचं काय करतो? तो तर केंद्रकात जात नाही म्हणता.

रायबोसोमवाली

पोलिओ टोपीच घालत नाही! त्याच्या आरएनएच्या पुढच्या भागात दुमडून घड्या पडलेला एक प्रदेश आहे, रायबोसोम थेट त्यावर येऊन बसतो. मागच्या दाराने प्रवेश. हे १९८८ मध्ये कळलं. आणि दुष्टपणा पाहा, आपलं मागचं दार चालू ठेवून तो पुढचं दार तोडतो. टोपी ओळखणाऱ्या यंत्रणेतलं एक मधलं प्रथिन पोलिओची कात्री कापून टाकते. मग टोपीवाले पेशीचे आरएनए ताटकळत बसतात आणि रायबोसोम पोलिओच्या सेवेत.

कडेकडेने

व्हायरस किती हुशार असतात ना. एवढंसं पिल्लू आणि केवढं डोकं.

सूक्ष्मदर्शी

हुशार-बिशार काही नाही. मघाशी मी चुकलो ते मान्य, पण इथे ठाम आहे. डोकं नाही, हेतू नाही. चुकत-माकत नकला होतात, ज्या टिकतात त्या दिसतात, बाकीच्या आपल्याला दिसतही नाहीत.

कडेकडेने

अहो, बोलण्याची पद्धत असते. 'सूर्य उगवला' म्हणालो की तुम्ही पृथ्वी फिरते म्हणून भांडणार का?

सूक्ष्मदर्शी

या बाबतीत भांडणार, कारण प्रयोग झालेला आहे. सोल स्पीगलमन, १९६० चं दशक. जिवाणूंवर पोसणारा क्यू-बीटा नावाचा आरएनए व्हायरस, आरएनए सुमारे ४,२०० न्यूक्लिओटाइडचा. त्याचा आरएनए, त्याची नक्कल करणारं एन्झाइम आणि कच्चा माल एका नळीत. थोडा वेळ नकला होऊ द्यायच्या, मग त्यातला थेंब नव्या नळीत, मग पुढच्या. पेशी नाही, आवरण बनवायची गरज नाही, काही नाही. फक्त जो लवकर नकलला जाईल तो पुढे. १९६७ च्या अहवालात ७४ नळ्यांनंतर आरएनएचा सुमारे ८३ टक्के भाग गळून गेलेला! उरला तो एक बुटका, ज्याला नकलून घेण्यापलीकडे काहीच येत नाही. संसर्गही नाही. आता सांगा, हा हुशार झाला की मूर्ख?

कडेकडेने

...हा तर आमच्या कार्यालयातला एक जण झाला. मान्य, 'हुशार' मागे घेतो.

प्रयोगवेडी

सूक्ष्मदर्शींच्या उदाहरणाला एक जोड, मूळ प्रश्नाशी संबंध आहे. क्यू-बीटाचं ते नकलणारं एन्झाइम चार प्रथिनांचं असतं. त्यातलं फक्त एक व्हायरसचं. उरलेली तीन जिवाणूची, आणि ती तिघंही मुळात रायबोसोमच्या कामातली! त्यामुळे 'स्वतःचं यंत्र आणतो' हेसुद्धा अर्धसत्य आहे. पातं घरचं, मूठ दारची.

भाषाप्रेमी

विषय भारी आहे, पण शब्दांचा गोंधळ होतोय. 'ट्रान्सक्रिप्शन'ला प्रतिलेखन आणि 'रेप्लिकेशन'ला प्रतिकृती असं शिकलो. डीएनएच्या बाबतीत फरक स्पष्ट असतो. इथे आरएनएवरून आरएनएच काढायचा असेल तर दोन्ही एकच की!

रायबोसोमवाली

मला यासाठी आपले जुने शब्द आवडतात: उतारा आणि नक्कल. आख्ख्या दस्ताची पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत प्रत काढली तर नक्कल. कामापुरता भाग काढला तर उतारा.

गोवर घ्या. यंत्र एकच, मूळ ऋण धागाही एकच. एका टोकाने सुरुवात करून पॉलिमरेज एकेका जनुकाचा उतारा काढत जातो, प्रत्येकाला टोपी, शेवटी शेपूट, मग थोडं थांबून पुढचं जनुक. प्रत्येक थांब्यावर काही पॉलिमरेज गळतात, त्यामुळे पहिल्या जनुकाचे उतारे सर्वांत जास्त, शेवटच्याचे सर्वांत कमी. आणि पहिलं जनुक कशाचं? आरएनएला गुंडाळणाऱ्या प्रथिनाचं, जे ढिगाने लागतं. शेवटचं खुद्द पॉलिमरेजचं, जे थोडंसंच पुरतं. नुसत्या क्रमातून हिशेब बसलाय.

मग गुंडाळणारं प्रथिन पुरेसं साचलं की नक्कल सुरू होते: पॉलिमरेज थांब्यांकडे दुर्लक्ष करत टोकापासून टोकापर्यंत जातो, नवा धागा तयार होताहोताच गुंडाळला जातो. आधी पूर्ण सुलट, मग त्यावरून पूर्ण उलट.

जाता जाता: गुंडाळणारं एक प्रथिन बरोबर सहा न्यूक्लिओटाइड झाकतं. म्हणून गोवरच्या आरएनएची लांबी सहाच्या पटीतच लागते. १५,८९४. भागून पाहा.

शंकासुर

भागलं. २,६४९. बाकी शून्य. आज पहिल्यांदा या संस्थळावर कोणाचा आकडा बरोबर निघाला.

वाट चुकलेला

एक बाळबोध शंका. पोलिओचा आरएनए रायबोसोम वाचतोय आणि त्याच धाग्यावरून पॉलिमरेज नक्कलही काढतोय. दोघं एकमेकांवर आदळत नाहीत का?

प्रयोगवेडी

बाळबोध अजिबात नाही, यावर लोकांनी उमेदीची वर्षं घालवली आहेत. हो, आदळतील. रायबोसोम धागा एका दिशेने वाचतो, पॉलिमरेज त्याच धाग्यावर नेमका उलट दिशेने सरकतो. एकेरी रस्ता, समोरासमोर गाड्या.

मग रहदारीचे नियम. पोलिओत सुरुवातीला नुसतं वाचन. कात्र्या पुरेशा साचल्या की त्या पेशीचं एक मदतनीस प्रथिन कापतात, जे रायबोसोमला धाग्यावर बसवायला लागत होतं. कापलेलं प्रथिन वाचनाच्या कामाचं राहत नाही, नकलेला मात्र मदत करतं. म्हणजे तोच माणूस, बदली होऊन दुसऱ्या खात्यात. क्यू-बीटामध्ये तर नकलणारं एन्झाइमच रायबोसोमची चढायची जागा अडवून बसतं, आधीचे रायबोसोम उतरून गेले की रस्ता मोकळा.

दुसरा उपाय म्हणजे वेगळी खोली. धन धाग्याचे व्हायरस पेशीच्या आतली पटलं ओढून, फुगवून त्यांचे कप्पे करतात आणि नकला तिथे आडोशाला काढतात. कोरोनाव्हायरसचे कप्पे दुहेरी पटलाचे. आतला माल बाहेर येतो कसा हे कोडंच होतं, २०२० मध्ये त्या पटलात आरपार छिद्र असलेली प्रथिनांची रचना दिसली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

जुना बाक

आडोशाचं दुसरं कारण रहदारीपेक्षा मोठं असावं. नक्कल काढताना उलट-सुलट धागे जोडीने येतात, म्हणजे दुहेरी आरएनए. निरोगी पेशीच्या पेशीद्रवात लांब दुहेरी आरएनए सापडत नाही. सापडला की चोर घरात आहे हे नक्की. पेशीचे रखवालदार म्हणजे काही प्रथिनं. त्यातला एमडीए-५ लांब दुहेरी आरएनए हुंगतो. रिग-वन हा दुसरा रखवालदार, टोपी नसलेलं, तीन फॉस्फेट उघडे असलेलं टोक हुंगतो. पीकेआर तर सगळ्या रायबोसोमची सुरुवातच रोखून धरतो, घर जाळून ढेकूण मारण्याचा प्रकार. आणि शेजाऱ्यांना दवंडी म्हणजे इंटरफेरॉन, १९५७ पासून माहीत असलेलं.

रोटाव्हायरसचा तर आरएनएच दुहेरी, ११ तुकडे. तो आपलं कवच पूर्ण उतरवतच नाही. आतल्या आत उतारे काढतो आणि छिद्रांतून एकेरी धागे बाहेर सोडतो. दुहेरी माल कधी उघड्यावर येतच नाही.

टिंबटिंब

आणि पोलिओ ते तीन फॉस्फेटवालं टोक कसं लपवतो?

रायबोसोमवाली

त्याच्या टोकाशी २२ अमिनो आम्लांचं एक चिमुकलं प्रथिन चिकटलेलं असतं. नक्कल सुरू करायला पॉलिमरेज त्याच प्रथिनावर पहिली अक्षरं जोडतो. नाडीला सेफ्टी पिन लावून ओवतो तसं. त्यामुळे उघडं तीन फॉस्फेटचं टोक तयारच होत नाही. रिग-वनला वास लागत नाही, एमडीए-५ ला मात्र लागतो.

वाट चुकलेला

अवांतर: मग लशीतला एम-आरएनए पेशीत शिरल्यावर त्याच्याही नकला होतात का? घरी यावरून वाद झालाय, म्हणून विचारतो.

प्रयोगवेडी

नाही होत, आणि कारण हाच धागा आहे. नकलणारं यंत्र आपल्या पेशीत नाही आणि त्या लशीत त्याचा आराखडाही नाही. रायबोसोम वाचतात, थोड्या काळात आरएनए तुटून जातो, संपलं. रखवालदारांनी फार आरडाओरडा करू नये म्हणून त्यात एक अक्षर जरा बदललेलं असतं. कॅटलिन कॅरिको आणि ड्रू वाइसमन यांचं २००५ चं ते काम, नोबेल २०२३ चं.

स्वतःच्या नकला काढणाऱ्या आरएनएची लसही आहे, तिला २०२३ मध्ये जपानमध्ये मान्यता मिळाली. तिच्यात दुसऱ्या एका व्हायरसकडून घेतलेल्या नकलयंत्राचा आराखडा मुद्दाम घातलेला असतो. कवचाची जनुकं नसतात, त्यामुळे माल पेशीबाहेर पडून पसरत नाही.

हातमोजे

तुम्ही सगळे पेशीतल्या आरएनएबद्दल बोलताय, मी नळीतल्याबद्दल रडून घेतो. एका प्रयोगशाळेत दोन वर्षं व्हायरसचा आरएनए काढायचं काम केलं. पहिले तीन महिने रोज जेलवर मस्त पट्टीऐवजी फिकट ओघळ. आरएनए तुटलेला. पाणी बदललं, रसायनं बदलली, साहेबांची बोलणी खाल्ली. शेवटी सापडलं काय, तर मी मोबाइल हातात घेऊन त्याच मोज्यांनी नळ्या उघडत होतो. आपल्या कातडीवर आरएनए तोडणारी एन्झाइमं असतात आणि ती उकळूनसुद्धा नीट मरत नाहीत. मोबाइलवर त्यांचा थरच होता.

तेव्हापासून मला प्रश्न पडतो, एवढ्या नाजूक पदार्थावर कोणी संसार कसा थाटतो?

सूक्ष्मदर्शी

कवचात गुंडाळून आणि प्रचंड प्रती काढून. टिकाऊपणाऐवजी संख्या.

संख्येवरून आठवलं. मूळ पोस्टमध्ये साधारण हजार अक्षरं असतील आणि चूक एक, तीच ती 'आएनए'. पोलिओच्या पॉलिमरेजची चूक साधारण दहा हजार अक्षरांमागे एखादी. म्हणजे तो धागाकर्त्यापेक्षा दहापट बरा टंकलेखक! पण ७,५०० अक्षरांच्या दर एक-दोन प्रतींमागे एक चूक ठरलेलीच. आपली पेशी डीएनए नकलताना दुरुस्ती धरून अब्जात एखादी चूक करते. आरएनए व्हायरसचे पॉलिमरेज सहसा मागे वळून तपासतच नाहीत.

रायबोसोमवाली

'सहसा' लिहिलंत, प्रगती आहे :)

कोरोनाव्हायरस अपवाद. त्याच्याकडे चुकलेलं अक्षर खोडणारं वेगळं एन्झाइम आहे. आरएनए जवळजवळ ३०,००० अक्षरांचा, आरएनए व्हायरसांत हा भलताच लांब. एवढा लांब मजकूर तपासनीस नसेल तर चुकांच्या ओझ्यानेच कोसळेल. याच तपासनिसामुळे काही औषधं त्याच्यावर फिकी पडतात, खोटं अक्षर घातलं की तो खोडून टाकतो. रेमडेसिव्हिरची मेख अशी की ते खोटं अक्षर बसल्यावर पॉलिमरेज लगेच अडत नाही, आणखी तीन अक्षरं जोडतो आणि मग अडखळतो. तोवर खोटं अक्षर आत सरकलेलं असतं, खोडायला टोकाशी सापडत नाही.

कडेकडेने

म्हणजे औषध हुशार आहे असं म्हणू का? की तेही नको?

सूक्ष्मदर्शी

औषध माणसांनी बनवलंय. तिथे म्हणा.

जुना बाक

सगळे मोकळे व्हायच्या आत मूळ मुद्द्यावर येतो, कारण एक गोष्ट मघापासून खुपतेय. 'पेशीत आरएनएवरून आरएनए काढणारा कोणी नाही' असं प्रयोगवेडींनी लिहिलं. 'आपल्या पेशीत' असं म्हणाल्या, म्हणून अर्ध्या सुटल्या. वनस्पतींमध्ये असं एन्झाइम असतं, व्हायरसच्या आरएनएचे दुहेरी तुकडे करून त्यालाच गप्प करण्यासाठी वापरलं जातं. काही कृमींतही असतं.

पण खरा खडा पुढे आहे. १९७१ मध्ये थिओडोर डीनरने बटाट्याच्या रोगामागचा व्हायरॉइड मांडला. ३५९ न्यूक्लिओटाइडचा गोल आरएनए, बस. कवच नाही, एकाही प्रथिनाचा आराखडा नाही. म्हणजे यंत्रही नाही आणि यंत्राचा कागदही नाही. तरी त्याच्या नकला होतात! तसाच माणसातला हिपॅटायटिस डी: सुमारे १,७०० न्यूक्लिओटाइडचा गोल आरएनए, पॉलिमरेजचं जनुक नाही. हे दोघंही यजमानाच्या आरएनए पॉलिमरेज-दोनला, ज्याचं काम डीएनए वाचणं, त्याला आरएनए वाचायला लावतात. भाचीचा पहिला प्रश्न, 'आयतं मिळतंय तर स्वतःचं कशाला', तिथे पुन्हा उभा राहतो. काहींना खरोखरच लागत नाही.

प्रयोगवेडी

खडा बरोबर लागला. माझं वाक्य दुरुस्त करते: 'त्या कामासाठी ठेवलेलं यंत्र आपल्या पेशीत नाही, पण दुसऱ्या कामाच्या यंत्राला क्वचित फसवता येतं.' मात्र हे जमवणारे सगळे चिमुकले आणि गोल आहेत, स्वतःशीच जोड्या जुळवून जवळजवळ दुहेरी काठीसारखे दिसणारे. हजारो अक्षरांचा एकेरी आरएनए पॉलिमरेज-दोनपुढे ठेवला तर ते ढुंकून पाहत नाही. हिपॅटायटिस डी-लाही एक मदतनीस प्रथिन स्वतःचं लागतं, आणि अंगरखा हिपॅटायटिस बी-कडून उसना.

टिंबटिंब

मग उलटं विचारतो. यंत्र आणता येतं, यंत्राशिवायही भागतं, टोपी चोरता येते. असं काय आहे जे कोणीच आणत नाही?

जुना बाक

रायबोसोम. बाल्टिमोरने १९७१ मध्ये व्हायरसांची विभागणी केली ती याच खुंटीला बांधून: आत काहीही असो, डीएनए, आरएनए, एकेरी, दुहेरी, धन, ऋण, प्रत्येकाला शेवटी रायबोसोमला वाचता येईल असा एम-आरएनए काढावाच लागतो, वाटा फक्त वेगळ्या. २०१८ मध्ये टुपानव्हायरस नावाचा महाकाय डीएनए व्हायरस जाहीर झाला, त्याच्याकडे वीसही अमिनो आम्लं रायबोसोमपर्यंत पोचवायच्या तयारीची जनुकं आहेत. सगळी वरात सजलेली, फक्त नवरदेव नाही. रायबोसोम त्यालाही पेशीचाच लागतो.

कोपऱ्यातला वाचक

मंडळी, काल रात्री भाचीला सगळा धागा वाचून दाखवला. टोपीच्या गोष्टीवर हसली, ७४ नळ्यांवर गप्प झाली. रेबीजची शिदोरी तिने लगेच पकडली.

मग म्हणाली, "म्हणजे पुस्तकातलं वाक्य चुकीचं नाही, फक्त 'यंत्रणा' म्हणजे काय ते लिहायचं राहिलंय." तिने पेन्सिलीने समासात लिहिलंय: 'रायबोसोम नेहमी पेशीचा. नकलयंत्र बहुतेक वेळा स्वतःचं.' 'बहुतेक वेळा' खाली बाकसाहेबांमुळे दोन रेघा आहेत.

सगळ्यांचे मनापासून आभार. संपादकांना विनंती करून शीर्षकातही 'बहुतेक वेळा' घालून घ्यावं म्हणतो, आणि जमलं तर ते 'आएनए' पण.

शंकासुर

'आएनए' राहू द्या. सूक्ष्मदर्शींच्या प्रतिसादात ते उतरलंय, तुमच्या आत्ताच्या प्रतिसादात उतरलंय, आता माझ्यातही. चार प्रती झाल्या, आणि प्रत्येकाने घरचं यंत्र वापरलं.